तुम्ही विचारलंत म्हणून : 'कोजन्ट' म्हणजे नेमकं काय

आमच्या गावच्या अभ्यासिकेतली मुलं परीक्षा जवळ आली की विचारतातच, "सर, इंग्रजीतलं 'कोजन्ट' (cogent) म्हणजे 'कन्व्हिन्सिंग'च ना? मग दोन शब्द कायले पाहिजेत?"

नाही, एकच नाही. कन्व्हिन्सिंग, म्हणजे पटण्यासारखं, तर नटाचं रडणंही असतं, सफाईदार खोटंही असतं. कोजन्ट असतो तो युक्तिवाद, कारण किंवा पुरावा. गोष्टीला, चेहऱ्याला कोणी कोजन्ट म्हणत नाही, तिथे 'कम्पेलिंग', म्हणजे खिळवून ठेवणारं, चालतं. मूळ लॅटिन 'कोगेरे', म्हणजे एकत्र हाकणं. न्यायालयांच्या निकालांत 'कोजन्ट रीझन्स' सतत भेटतात. तर्कशास्त्रात अट आणखी कडक आहे: विधानं खरी हवीत आणि त्यांवरून निष्कर्ष बहुतेक खराच ठरेल इतकं बळ हवं. समोरच्याला पटलं का, हे त्या व्याख्येत नाहीच.

मग तुम्ही विचारता, "जे पटलंच नाही ते कोजन्ट कसं?" याच प्रश्नावर माझा आवाज चढतो. का, ते सांगतो.

मोठ्या बाबांचं सवंगलेलं सोयाबीन शेतात पसरलेलं होतं आणि पाऊस आला. शेंगांतून कोंब फुटले. पीकविम्याच्या तेव्हाच्या नियमात कापणीनंतर 14 दिवसांपर्यंतचं असं नुकसान बसत होतं, 72 तासांत कळवायचं होतं. आम्ही कळवलं. दावा मात्र फेटाळला गेला, कारण लिहिलं 'उशिरा सूचना'. तालुक्याला सुनावणीत मी सूचनेचा नंबर, तारीख-वेळ असलेले फोटो, पंचनामा आणि महसूल मंडळातल्या पावसाची नोंद एकापुढे एक मांडली. प्रत्येक कागद पुढच्या कागदाला धरून होता. साहेबांनी एकही उलटा प्रश्न केला नाही. कागद चाळलेही नाहीत. "नियमात बसत नाही," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मोठी माय बोलली. "साहेब, कोंबं पायलेत का तुमी कधी शेंगाईले?" आणि तिला रडू आलं. साहेबांनी पेन खाली ठेवला, खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. निकाल तोच राहिला.

बाहेर आल्यावर मोठे बाबा म्हणाले, "तू तं बराबर बोलला ना बाप्पा, मंग तो नाही कसा म्हणे?"

पूर्वी मी फळ्यावर अर्थ लिहीत असे: 'ज्याला नाही म्हणताच येत नाही असा'. नाही म्हणता येतं, कारण न देताही म्हणता येतं. तरी माझी मांडणी त्या दिवशी कोजन्टच होती, आजही आहे. या मुद्द्यावर मी हटणार नाही. पण खुर्ची मोठ्या मायला मिळाली, माझ्या कागदांना नाही. म्हणजे जोर कशात होता? अभ्यासिकेत मी ठामपणे 'कागदांत' म्हणतो. घरी, तिच्यासमोर, तसं म्हणवत नाही.

अर्ज आता जिल्ह्याच्या समितीकडे आहे. त्यात तेच कागद, त्याच क्रमाने लावलेत. मोठ्या मायचं वाक्य घालावं का यावर मी आणि मोठे बाबा अजून भांडतोय.