दुभाष्या मागायला शिकताना

ओहायोतील अ‍ॅक्रन शहराच्या नॉर्थ हिल भागात, भूतानमधून निर्वासित झालेल्या स्त्रियांच्या वर्गाला मी गेली चार वर्षे दर गुरुवारी जाते. त्यांची भाषा नेपाळी आणि माझी मराठी, पण हिंदी आणि देवनागरी लिपी दोघींकडे असल्यामुळे आमचे निभते. मी समुपदेशक नाही. अर्ज वाचून दाखवणे, फोन लावून देणे आणि दवाखान्यात सोबत जाणे एवढेच माझे काम.

दक्षिण भूतानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या या नेपाळीभाषक ल्होत्साम्पा कुटुंबांकडे १९८५च्या कायद्यानुसार १९५८ सालच्या वास्तव्याचा पुरावा मागितला गेला, १९८८च्या जनगणनेत त्यांतील पुष्कळांना परकीय ठरवले गेले आणि १९९०च्या निदर्शनांनंतर लाखभर माणसे भारतातून पुढे जात नेपाळच्या झापा आणि मोरङ जिल्ह्यांतील छावण्यांत पोहोचली. देश सोडताना 'आम्ही स्वखुशीने जात आहोत' अशा अर्थाच्या कागदांवर अनेकांच्या सह्या घेतल्या गेल्या. ते कागद ज्या जोंखा या भूतानच्या राजभाषेत होते ती कित्येकांना वाचताही येत नव्हती. त्यामुळे आजही समोर सहीचा कागद आला की आमच्या वर्गातील वयस्कर बायका गप्प होतात. या गप्प होण्याला समजुतीचा अभाव म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

२००७च्या अखेरीपासून एक लाखाहून अधिक जणांचे पुनर्वसन आठ देशांत झाले आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आले. २००९ ते २०१२ या तीन वर्षांत येथे त्यांच्यातील १६ जणांनी आत्महत्या केल्या, तेव्हा सरकारी आरोग्य यंत्रणेने पाहणी केली. आत्महत्येचे विचार ज्यांच्या मनात येत होते, त्यांच्यात घर चालवण्याची जबाबदारी हातून गेल्याची आणि आधाराला कोणी नसल्याची भावना ठळकपणे आढळली. छावणीत ज्याच्या शब्दाला मान होता, त्या आजोबांना येथे साधे पत्रही नातवाकडून वाचून घ्यावे लागते. उपचारांची गरज मी नाकारत नाही. परंतु स्वतःच्या कामाबद्दल स्वतः बोलता येणे हाही त्या उपचारांचाच भाग आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

नेपाळीत 'मन' आणि 'दिमाग' यांत मोठा फरक केला जातो. 'मन दुख्यो' असे कोणीही सांगेल, मात्र दिमाग बिघडला म्हटले की घराण्याची इज्जत जाते. मराठीतही 'मन लागत नाही' आणि 'डोके फिरले' यांत तेवढेच अंतर असल्यामुळे मला हे लगेच उमगले. डॉक्टरांनी मेंदूच्या आजाराबद्दल विचारले तर उत्तर नकारार्थी येते, आणि मनाबद्दल विचारले तर बाई बोलू लागते.

पण ती कोणासमोर बोलणार? बहुतेक घरांत दुभाष्याचे काम शाळकरी मुले करतात. वास्तविक १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्याला भाषेची सोय करून द्यावी लागते. ती मागायची असते, हेच कोणी सांगितलेले नसते. म्हणून आम्ही वर्गात महिनाभर एकाच वाक्याचा सराव केला: 'आय नीड अ नेपाली इंटरप्रिटर.' सुरुवातीला मीच पुढे होऊन त्यांच्या वतीने बोलत असे. ती सवय मोडायला मला त्यांच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

गेल्या हिवाळ्यात वर्गातील एक आमा (नेपाळीत आई, वयस्कर बाईंनाही असेच म्हणतात) तपासणीला गेल्या. खिडकीतील बाईने सवयीने बारा वर्षांच्या नातवाकडे पाहिले, तेव्हा आमांनी ते वाक्य म्हटले. ऐकू गेले नाही म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने म्हटले. वीस मिनिटांनी फोनवर दुभाषी आली. तिच्याकडून कागद ओळीने वाचून घेतल्यावरच आमांनी सही केली, आणि छावणीत वारलेल्या मुलीबद्दल त्या डॉक्टरांशी बराच वेळ बोलल्या. याआधीच्या प्रत्येक भेटीत नातू ऐकतो आहे म्हणून त्यांनी फक्त गुडघेदुखी सांगितली होती. तो या वेळी बाहेर माझ्याशेजारी बसून गणिताचा गृहपाठ करत होता.