आमची वाटचाल: टर्बो नंतर बघू, आधी पाइप दाखवा

वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि माझा पार्टनर, त्याचा हात वेल्डिंगवर आणि माझा इंजिनवर, आणि खाज दोघांनाही एकच, साध्या इंजिनाला टर्बो बसवायचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. सर्व्हिसिंग, क्लच, ब्रेक ही कामं पोटासाठी. पहिलं टर्बोचं काम मिळालं तेव्हा मॅनिफोल्डवर, म्हणजे टर्बो ज्यावर बसतो त्या एक्झॉस्टच्या पाइपांवर, किती दिवस घालवले विचारूच नका, एकेक वेल्ड बॅटरी मारून बघायचो. आणि टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणारी ड्रेन लाइन? ती शेवटच्या संध्याकाळी, जिथून जागा उरली होती तिथून वळवत वळवत नेली, दोन क्लॅम्प आवळले, झालं.

गाडी स्टार्ट केली, पहिली पाच मिनिटं आम्ही हवेत होतो. मग आयडलिंगला सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि थांबेचना. टर्बोच डिफेक्टिव्ह आला असं ठरवून दुसरा बसवला, त्यानेही तेच केलं. टर्बो देणाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, आता आठवलं की लाज वाटते कारण त्या बिचाऱ्याची काही चूकच नव्हती.

शेवटी ओळखीचे एक जुने डिझेल मिस्त्री काका आले. टर्बोला हातसुद्धा लावला नाही त्यांनी, खाली वाकले, पाइप बघितला आणि म्हणाले, "अरे पोरांनो, तेल वर चढवताय होय?" आमच्या ड्रेनच्या होजला, म्हणजे लवचिक पाइपाला, मध्ये झोळ पडला होता आणि पुढे ती वर चढून इंजिनच्या ब्लॉकला जात होती. काकांनी होज ब्लॉककडून सोडवली, तिथे बूच मारलं, होज सरळ खाली एका रिकाम्या डब्यात सोडली आणि डिपस्टिकवर लक्ष ठेवून इंजिन आयडलला ठेवायला सांगितलं. एक्झॉस्टमध्ये साचलेलं तेल जळेपर्यंत धूर आला, मग बंद. डब्यात बघतो तर पडतंय ते तेल वाटतच नव्हतं, साबणाच्या फेसासारखं काहीतरी गदगदत उतरत होतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टर्बोला तेल पुरवणाऱ्या फीड लाइनमध्ये पंपाचं प्रेशर असतं, पण बेअरिंगमधून बाहेर पडलेल्या तेलाला ढकलणारं कोणीच नाही, ते हवा मिसळून फेसाळलेलं असतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली पडतं. शाफ्ट मिनिटाला १ लाखाच्या वर फिरते, तिथे रबरी सील टिकणारच नाही म्हणून पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि त्या तुंबलेलं तेल अडवायला नसतातच. खालची वाट अडली की तेल टर्बाइनकडे (एक्झॉस्टच्या बाजूला) नाहीतर कॉम्प्रेसरकडे (हवेच्या बाजूला) निघतं आणि लोक म्हणतात टर्बो गेला.

त्या दिवसापासून कामाचा क्रमच उलटा केला. आधी रिकामा टर्बो दोरीने लटकवून ड्रेनची वाट ठरवतो, मॅनिफोल्ड त्यानंतर. ड्रेनचं तोंड सरळ खाली हवं, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या पलीकडे आम्ही जात नाही. होजचं भोक आतून १४-१६ मिमी तरी पाहिजेच. आणि नुसती होज मोठी घेऊन भागत नाही, जाड भिंतीचं एल्बो लावलं की सगळी मेहनत तिथेच चोक होते, म्हणून आम्ही प्रत्येक फिटिंगमधून ड्रिल बिटची मागची बाजू घालून बघतो.

परत येणारं तेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या लेव्हलच्या वर पडलं पाहिजे, आणि क्रँक जिथे तेल उडवतो त्या माऱ्यात नाही. ब्लॉकवर कंपनीने जागा ठेवलेली असेल तर उत्तमच, नसेल तर चेंबरला भोक पाडून बुश वेल्ड करायचा. इथे अजून एक शेण खाल्लंय आम्ही. ड्रिलला ग्रीस लावलं की किस ग्रीसला चिकटतो, आत पडत नाही, असं ऐकून एकदा चेंबर न उतरवताच भोक पाडलं आणि आटे पाडले, नंतर मनात शंका म्हणून उघडलं तर स्ट्रेनरच्या जाळीवर अॅल्युमिनियमचे चकचकीत तुकडे. बेअरिंग वाचली हे नशीब. आता गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, चेंबर खाली येतोच.

होजचंही तसंच. रेडिएटरची होज तेलाने फुगते, साधी सिलिकॉनची होज तेलाने पाझरते आणि मऊ पडते, तेलाला चालणारीच हवी आणि एक्झॉस्टजवळून जात असेल तर वर हीट स्लीव्ह. फ्लँजला पेस्ट लावायची नाही, पॅकिंगच लावायचं, कारण दाबल्यावर आत आलेली पेस्ट सुटून वाटेत अडकते.

सगळं बरोबर असूनही धूर, असंही एक गिऱ्हाईक आलं होतं, तिसरा टर्बो घेऊन! पाइप एकदम मस्त होता. ऑइल फिलरचं झाकण उघडलं तर आतून वाफेचा फुत्कार, ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट, चोक झाला होता, क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात) प्रेशर भरलेलं असताना तेल खाली उतरणार कसं? ब्रीदर साफ केला, धूर गेला. आता असे धुराचेच फोन जास्त येतात, आणि नवीन बिल्डपेक्षा दुसऱ्यांच्या बिल्डच्या ड्रेन लाइन सरळ करण्यात आमचे जास्त दिवस जातात. सुपरचार्जरवालेही (तोही हवा कोंबतो, पण एक्झॉस्टऐवजी इंजिनच्या जोरावर फिरतो) विचारतात, त्यांना पहिला प्रश्न हाच की तुमच्या युनिटमध्ये स्वतःचं तेल आहे का, असेल तर ड्रेनची भानगडच नाही, पण इंजिनचं तेल घेणारं असेल तर नियम अगदी हेच.

सध्या शेडमध्ये एक काम अडलंय, गिऱ्हाइकाला टर्बो खालीच हवाय, आणि ड्रेनचं तोंड तेलाच्या लेव्हलपेक्षा जेमतेम दोन बोटं वर येतंय. पार्टनर म्हणतो स्कॅव्हेंज पंप लावून तेल खेचून घेऊ, मी म्हणतो पंप बंद पडला की परत धूर आणि परत आपलंच नाव, त्यापेक्षा मॅनिफोल्ड नवीन करून टर्बो वर घेऊ. दोन दिवस वाद चाललाय, गाडी अजून जॅकवरच आहे.