एका दिंडीचे टाळ
दिवेघाटाची चढण लागली आणि ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चाललेल्या आमच्या दिंडीत वाद पेटला. पहिल्यांदाच वारीला आलेला एक तरुण फोनवरचा कुठलासा व्हिडिओ दाखवत होता. धर्म टिकवायचा तर आता कडवंच व्हायला हवं, दुसऱ्या धर्माच्या माणसाला पालखीच्या आसपास फिरकू देऊ नये, असं त्याचं म्हणणं. विणेकरी बुवांनी शांतपणे विचारलं, "माउली, तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती कुठं होते?" त्याला ठाऊक नव्हतं. "अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी." पोरगा गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, घाटानं दम काढला होता.

खरं सांगायचं तर वारीचं गोडगोड कौतुक मलाही झेपत नाही. पिढ्यान्‌पिढ्या समतेचे अभंग गाणाऱ्या पंढरपुरात दलितांसाठी मंदिराचं दार उघडलं ते १९४७ साली, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. संयम म्हणजे अन्यायाकडे काणाडोळा, असा अर्थ असेल तर तो संयम मला नको.

पण सासवडच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, उभा होतो. चहूबाजूंनी दिंड्या, टाळमृदंगाचा कल्लोळ. पालखीची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावून 'होऽऽ' अशी आरोळी दिली आणि एवढा मोठा समुदाय क्षणात चिडीचूप. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. तक्रार असलेल्या दिंडीनं टाळ थांबवायचे नाहीत, ही इथली जुनी रीत. चोपदार तिच्यापाशी गेले, म्हणणं ऐकून घेतलं. पाण्याचा टँकर आला नव्हता. तोडगा ठरला, टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा, आणि त्यानंतर आरती. तोवर सगळे ताटकळले, पण त्या दिंडीला कुणी धर्मबुडवी म्हटलं नाही. न ऐकलेल्या रागावरच कडवेपणा पोसला जातो, असं मला वाटतं. इथं रागाला जागा आहे आणि हद्दही.

जेजुरीच्या वाटेवर तो तरुण पुन्हा वाद घालायला लागला. दर्ग्याचं काही त्याला पटलेलं नव्हतं. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन बुवा त्याच्या बरोबरीनं चालायला लागले. म्हणाले, "बोल माउली, सगळं बोल. वाल्ह्याचा मुक्काम अजून लांब आहे."