विरहाचं व्याकरण

लिस्बन, शनिवार रात्र

आज पोर्तुगीजच्या वर्गात बाईंनी विचारलं, "'से व्होल्तारेस' हे रूप तुला कुठून आलं? ते तर आपण पुढच्या सत्रात घेणार आहोत." म्हटलं, फादो ऐकते. बाई हसल्या.

पण खरंच, फादोत, म्हणजे इथल्या विरहाच्या गाण्यात, दुसरं असतं काय? 'से व्होल्तारेस' म्हणजे तू परत आलास तर, भेटशील तेव्हा, मला विसरता आलं असतं तर. सगळा कारभार न घडलेल्या गोष्टींचा. या भविष्यातल्या 'जर'साठी पोर्तुगीजमध्ये क्रियापदाचं वेगळं रूप आहे. स्पॅनिश बोलण्यातून ते केव्हाच गेलं, इथे दुकानदारही सहज वापरतो. आपण मराठीत 'आलास तर' म्हणून भूतकाळावरच भागवतो.

फादोचा दुसरा फायदा कानाला. लिस्बनची माणसं बोलताना निम्मे स्वर गिळून टाकतात. फादोत मात्र गायिका तोच शब्द ताणते, मागून बारा तारांची गितारा उत्तर देते, तेवढ्यात शब्दाचं शेपूट हाती लागतं. (ब्राझीलचा बोसा नोव्हा हा गाण्याचा प्रकार याहून सोपा, स्वर अगदी मोकळे. पण मग उच्चार रिओचे होतात आणि इथले लोक कौतुकाने विचारतात, ब्राझीलमध्ये होतीस का?)

सध्या फादोची विख्यात गायिका अमालिया रोद्रिगिश ऐकणं चालू आहे. १९६५ साली तिने कामोइंशच्या कविता गायल्या, तेव्हा मोठा वाद झाला होता: सोळाव्या शतकातला महाकवी आणि तो फादोत? ज्ञानेश्वरांच्या विराण्या रेडिओवर ऐकत वाढलेल्या मला या वादाची गंमतच वाटली. कवी गळ्यात उतरला तरच टिकतो, असं माझं आपलं मत. शिवाय हा कामोइंश १५५३ मध्ये गोव्याला येऊन राहिलेला, म्हणजे अगदीच परका नाही. आणि फोंड्याची सोनिया शिरसाट आज फादो गाते, तेव्हा तिचे शब्द मला इथल्या कित्येक गायिकांपेक्षा स्वच्छ ऐकू येतात. आपलेपणाचा पक्षपात असेल, असू दे.

एक अडचण आहे. गाण्यात सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजींशी तसं बोलून कसं चालेल? शिवाय समुद्र, रात्र, अश्रू, जहाज एवढ्या सामग्रीवर संसार होत नाही. उद्या घरमालकिणीला गळक्या नळाबद्दल लिहायचंय. नळावरचा फादो अजून सापडलेला नाही.