3 तास 42 मिनिटे

बेळगावात समुद्र नाही, पण वेंगुर्ला रोड आहे. भर दुपारी पावसात बांगड्याचे क्रेट लादलेला टेम्पो हिंडलग्याकडून शहरात शिरला, की आपल्याला उगीच वाटतं, समुद्र काय, घाटाखालीच तर आहे. एसटी रखडली तरी तीन-साडेतीन तासांत वेंगुर्ला येतं. क्युव्हिए नावाच्या चोचवाल्या देवमाशाने याहून जास्त वेळ एका श्वासावर काढलाय: 222 मिनिटं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरसजवळची ही नोंद 2020 साली छापून आली.

एवढा वेळ तो खाली काय करतो, ते बघायचं कसं? रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात फार आत जात नाहीत, म्हणून उपग्रहाशी बोलणारा टॅग, म्हणजे अंगावर लावलेलं नोंदयंत्र, मासा वर आला तरच बोलतो. रबरी चूषकांचा टॅग सगळं स्वतःत साठवतो, पण काही तासांत सुटतो. मग तरंगता डबा अँटेना फिरवत होडीतून शोधा. 2018 साली कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात निळ्या देवमाशावर लावलेला चार चूषकांचा टॅग घसरत डाव्या परापाशी जाऊन चिकटला, आणि नेमके तिथेच हृदयाचे ठोके मिळाले: खोल बुडीत मिनिटाला कधी दोनच, वर आल्यावर 37 पर्यंत. टॅग घसरला तो पथ्यावरच पडला म्हणायचा.

माझ्या मते सगळ्यात पक्का दप्तरदार म्हणजे कानातला मळ. दात नसलेल्या देवमाशांत तो जन्मभर थरावर थर साचतो. त्यातून वय कळतं, ताणाची संप्रेरकं, कीटकनाशकं, पारासुद्धा सापडतो. मात्र मासा मेल्यावरच.

फावड्या दातांच्या देवमाशाचं वर्णन 1874 साली नुसत्या जबड्यावरून झालं. अख्खी मायलेकरं 2010 साली न्यूझीलंडच्या किनाऱ्याला लागली, तर ती दुसऱ्याच जातीची समजून पुरली. डीएनए तपासल्यावर उलगडा झाला. 2024 साली ओटागोला पाच मीटरचा नर आला. तो शीतगृहात ठेवून डिसेंबरात चिरला, तेव्हा पोटाचे 9 कप्पे मोजता आले.

पण आपल्या अज्ञानाचा सगळा दोष खोल पाण्यावर ढकलू नये. सोव्हिएत जहाजांनी मारलेले सुमारे 1,80,000 देवमासे देवमाशांच्या शिकारीवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला कळवलेच नाहीत. रशियन शास्त्रज्ञ याब्लोकोव यांनी 1993 साली हे उघड केलं. तोवर किती मासे उरलेत याचे अंदाज त्याच खोट्या वह्यांवरून बांधले जात होते.