एवढ्याशा पुठ्ठ्याला कोटी कोण देतंय ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. काढला की समोरचा आधी हसतो आणि मग किंमत विचारतो. इथं सोलापुरात पार्क चौकात चहाला थांबलो तरी तेच, लग्नाच्या पंगतीत बसलो तरी तेच. "काका, लेकीकडं अमेरिकेला गेलात, एवढं मोठं म्युझियम, आणि तिथं सिगारेटच्या पाकिटातली खेळाडूंची कार्डं बघत बसलात म्हणे. खरंच कोटीला जातात का ती? एवढ्याशा पुठ्ठ्याला कोटी कोण देतंय ओ?"

देतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं एक कार्ड 72 लाख 50 हजार डॉलरला गेलं. त्या वेळच्या भावानं अठ्ठावन्न कोटी रुपयांच्या आसपास. त्याच महिन्यात मिकी मँटल या दुसऱ्या बेसबॉलपटूचं 1952 सालचं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, म्हणजे जवळजवळ शंभर कोटी. आकडे ऐकले की बहुतेकांचं समाधान होतं आणि विषय पावसापाण्यावर जातो. पुढचं सांगणं थांबणाऱ्यांसाठी आहे.

माझी हयात छापखान्यात गेली. ट्रेडलवर सुरुवात केली, ऑफसेटवर संपवली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गड्ड्याच्या जत्रेची पत्रकं आणि विडीच्या बंडलांवरची लेबलं. छपाईचं गाव म्हणून सोलापूरचं नाव कुणी घेत नाही, चादरीनं सगळं झाकून टाकलंय. दाते पंचांग इथूनच निघतं हेही लोकांना सांगावं लागतं. तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये घरची मंडळी इजिप्तहून दगड दगड सोडवून आणलेलं देऊळ बघायला गेली आणि मी अमेरिकन विंगच्या मधल्या मजल्यावर, काचेच्या कपाटांच्या रांगांत अडकलो. तिथं जुनी बेसबॉलची कार्डं मांडली होती. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी बघत होतो ते रजिस्टर.

छपाईतले लोक समजतील. एकाच कागदावर चार-सहा रंग एकामागून एक बसवायचे, आणि एकही केसभर सरकता कामा नये. सरकला की ओठ गालावर जातो. 1887 साली ॲलन अँड गिंटर या तंबाखू कंपनीनं जगातल्या नामांकित खेळाडूंची पन्नास कार्डं काढली. बेसबॉलवाले त्यात दहाच. बाकी मुष्टियोद्धे, पैलवान, वल्हेकरी, बिलियर्ड खेळणारे आणि नेमबाज. नेमबाजांत ॲनी ओकली ही बाईही आहे. सगळं लिथोवर, म्हणजे दगडावरच्या छपाईनं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि गालावरची छटा कारागिरानं हातानं टिंब टिंब देऊन उठवलेली. छापणाऱ्या प्रेसचं नावही नोंदलेलं आहे: लिंडनर, एडी अँड क्लॉस, न्यूयॉर्क. खेळाडूंच्या आधी मला ते नाव वाचून बरं वाटलं. आमच्या धंद्यात नाव छापलं जातं ते कोपऱ्यात, तेही गिऱ्हाइकानं परवानगी दिली तर.

ही कार्डं आली कुठून? त्या काळात सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं असायचं. खिशात चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याची पट्टी घालत. पट्टी घालायचीच आहे तर तिच्यावर चित्र छापा, एका बाजूला खेळाडू आणि मागं ब्रँडची जाहिरात, म्हणजे पोरं बापाला तोच ब्रँड आणायला लावतील. एवढाच हिशेब. संग्रह वगैरे कंपनीच्या गावीही नव्हता. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीनं 1896 साली क्रिकेटपटूंची पन्नास कार्डं काढली तीही याच हिशेबानं. आपले रणजितसिंहजी त्या जमान्यातल्या सिगारेट-कार्डांवर दिमाखात उभे आहेत. तिकडं हा प्रकार 1940 पर्यंत चालला, मग महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि बंद पडला.

सोलापूरच्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायला लागू नये. तंबाखूच्या बंडलावर आकर्षक चित्र लावून माल खपवणं आपल्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. पूर्व भागातल्या घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. कुंभारीला त्यांच्यासाठी दहा हजार घरांची विडी घरकुल वसाहत उभी राहिली, 2006 साली पंतप्रधान येऊन लोकार्पण करून गेले. एवढ्या विड्या, एवढी बंडलं, प्रत्येकावर लेबल. हत्ती, घोडा, मोर, मालकाचा फोटो. लाखांनी छापलेली ती लेबलं आज कुठं आहेत? विडी ओढून झाली, लेबल गटारात. आम्ही छापणाऱ्यांनीसुद्धा नमुन्याची फाइल रद्दीत घातली.

आणि हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जे फेकायलाच छापलं होतं त्यातलं जे उरलं, त्याला कोटी.

होनस वॅगनरचंच बघा. पिट्सबर्गचा हा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, मोठा खेळाडू; 1936 साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमची पहिली पाच नावं निघाली त्यात तो होता. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं पाचशेहून अधिक कार्डांची मालिका काढली. वॅगनरचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि लगेच थांबली. कुणी म्हणतं, पोरांनी तंबाखूच्या नादाला लागू नये म्हणून त्यानं हरकत घेतली. कुणी म्हणतं, कंपनी पैसे देईना म्हणून. तो स्वतः तंबाखू चघळायचा आणि त्याआधी सिगारच्या लेबलावर झळकलाही होता, त्यामुळं मला दुसरं कारण जास्त पटतं. धंदा केलेल्या माणसाला ते पटतंच. ते काही असो, आज जगात त्याची पन्नास-साठच कार्डं माहीत आहेत. त्यातलं एक त्याच म्युझियमकडं आहे.

उलट बाजू बघा. डॉन ब्रॅडमनचं कार्ड प्लेअर्स या सिगारेट कंपनीनं 1938 साली काढलं. ब्रॅडमन म्हणजे ब्रॅडमन! पण ते कार्ड किमतीत वॅगनरच्या पासंगालाही पुरत नाही. का? तर कंपनीनं कार्डांबरोबर अल्बमही विकले, पोरांनी नीट चिकटवून ठेवले आणि घरोघरी ते टिकले. सगळ्यांनी जपलं की भाव बसतो. खेळाडू किती मोठा याच्याशी बाजाराला फारसं देणंघेणं नाही. मँटलचं कार्ड महाग, तेही उरली थोडी म्हणून. टॉप्स या बबलगमवाल्या कंपनीत साय बर्जर नावाचा गृहस्थ होता, 1952 ची कार्डं त्यानंच आखली. वर्षाच्या शेवटी काढलेली कार्डं खपली नाहीत, गोदामात पडून राहिली. 1960 साली त्यानं ती खोक्यांनिशी कचऱ्याच्या तराफ्यावर चढवली आणि अटलांटिक समुद्रात बुडवली. मँटल त्याच गठ्ठ्यातला.

छपाईतल्या चुकीलाही तिकडं भाव आहे, हे ऐकून मात्र माझा जळफळाट झाला. वॅगनरच्याच मालिकेत मॅगी आडनावाच्या खेळाडूच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं. चूक लक्षात आल्यावर दुरुस्त केली. आज दुरुस्त केलेलं कार्ड स्वस्त आणि चुकलेलं कैक पटींनी महाग! आमच्याकडं पत्रिकेत व्याह्यांच्या नावाचा रफार उडाला तर बिलातले पैसे कापून घ्यायचे, वर चार शब्द ऐकवायचे.

लबाडीही आहे. 1933 साली गौडी कंपनीनं बबलगमबरोबर 240 कार्डांचा संच काढला. पोरं गम घेत राहिली, कार्डं जमत राहिली, पण 106 नंबर कुणालाच मिळेना. मिळणार कसा, छापलाच नव्हता. तक्रारीची पत्रं गेली तेव्हा कुठं पुढच्या वर्षी तो छापून पत्र पाठवणाऱ्यांना दिला. बिग फनच्या बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेल्या आपल्याकडच्या पिढीला ही गोष्ट सांगितली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दुसरी लबाडी कटिंग मशीनची. वॅगनरचं सगळ्यांत गाजलेलं कार्ड वेन ग्रेट्झ्की या आइस हॉकीपटूनं 1991 मध्ये भागीदाराबरोबर 4 लाख 51 हजार डॉलरला घेतलं होतं. कडा अशा धारदार की तज्ज्ञांनी त्याला भरघोस श्रेणी दिली. पुढं 2013 साली एका बड्या लिलावदारानं कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. आता सांगा, शंभर वर्षं जुना पुठ्ठा आणि कोपरे कालच मशीनवरून उतरल्यासारखे, हे माझ्या बाइंडरनं लांबून ओळखलं असतं. आणि कबुलीनंतरही, 2016 मध्ये वॅगनरचं दुसरं एक कार्ड 31 लाख डॉलरच्या वर गेलंच. म्हणून मी म्हणतो, तो भाव वॅगनरला नाही, कार्डालाही नाही. तो आपल्याआधी कुणी काय मोजले त्याला आहे. मला या भागात फार रस नाही. तुम्हाला आहे, म्हणून सांगितलं.

मला रस आहे तो जेफरसन बर्डिक या माणसात. म्युझियमकडं बेसबॉलची तीस हजारांवर कार्डं आहेत, ती सगळी त्याच्यामुळं. सगळा संग्रह मोजला तर तीन लाखांच्या वर कागद: कार्डं, लेबलं, पोस्टकार्डं, जाहिराती. हा कुणी शेठ नव्हता. सिरॅक्यूस गावातला, विजेच्या सामानाच्या कारखान्यात राबणारा अविवाहित कामगार. बेसबॉलचा सामना त्यानं कधी बघितला नाही असं सांगतात. त्यानं मोलाचं काम केलं ते यादीचं. विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं म्हणजे टी, एकोणिसाव्यातली एन, जुन्या मिठाईबरोबरची ई, आणि पुढं आकडा. वॅगनरच्या मालिकेला आजही जग टी 206 म्हणतं ते त्याच्या यादीवरून. त्या यादीत वॅगनरचा भाव पन्नास डॉलर लिहिला होता, आणि तोही तेव्हा सगळ्यांत चढा.

1947 पासून त्यानं संग्रह म्युझियमकडं द्यायला सुरुवात केली. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. छापील चित्रांच्या विभागात एका टेबलाशी बसून तो वर्षानुवर्षं अल्बममध्ये कार्डं चिकटवत राहिला. 1963 च्या जानेवारीत काम संपवलं, लगोलग इस्पितळात दाखल झाला आणि मार्चमध्ये गेला. चिकटवल्यामुळं पाठीमागच्या जाहिराती दिसत नाहीत, कार्डांचं नुकसान झालं, असं आताचे हौशी लोक कुरकुरतात. मला मात्र वाटतं, विकण्याचा रस्ताच त्यानं बंद करून टाकला ते फार बरं केलं.

प्रत्यक्ष बघण्याचं म्हणाल तर निम्मी निराशाच होते. कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून दिवे मंद ठेवतात. लक्स या उजेडाच्या मापात साधारण 50 च्या वर नेत नाहीत. मांडलेली कार्डं काही महिन्यांनी उतरवून अंधारात ठेवतात आणि दुसरी लावतात. तीस हजारांतली मूठभर काचेआड दिसतात. कार्ड केवढं, तर दीड इंच रुंदीलाही कमी आणि अडीच इंचांहून थोडं उंच. मी भिंग घेऊन काचेला नाक लावलं तेव्हा पहारेकऱ्यानं दोनदा खाकरून दाखवलं. खरं बघणं सोलापुरात घरी आल्यावर झालं. म्युझियमनं चित्रं संगणकावर मोकळी ठेवली आहेत, हवी तेवढी मोठी करता येतात. टिंबं मोजा, कुठं निळा सरकलाय ते शोधा, कुणी खाकरत नाही.

शोधता शोधता पॉली उम्रीगर मनात येतात. क्रिकेटच्या नोंदींत त्यांचं जन्मगाव सोलापूर दिलेलं असतं. 59 कसोटी, 3631 धावा, 12 शतकं. 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223, भारताकडून कसोटीतलं पहिलं द्विशतक. पार्क स्टेडियमवर खेळणाऱ्या पोरांना हे नाव विचारलं तर निम्मी माझ्याकडंच बघत राहतात. त्यांचं एखादं जुनं कार्ड माझ्या हाती यावं एवढी इच्छा आहे. भाव पडलेलं असलं तरी चालेल, पडलेलं असलं तर परवडेल तरी.

आता तुमच्या घरातल्या डब्याचं. डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, काडेपेटीचे छाप, बबलगमची चित्रं घेऊन लोक येतात आणि "बघा की किती येतील" म्हणतात. कोटी येणार नाहीत. हजारही अवघड. तुमच्यासारखीच सगळ्यांनी जपून ठेवलीत ना! पण आजीच्या पेटीत, दुकानाच्या माळ्यावर कुठं विडीची जुनी लेबलं असतील, कोरी किंवा वापरलेली, तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला दाखवा. रद्दीचा भाव देईन, वर चहा पाजीन. आणताना फक्त गठ्ठ्याला रबर लावू नका, कडेला खाच पडते. आणि फाटकं असलं तर चिकटपट्टी मारू नका, तसंच आणा.