सतरा एकांची संख्या फुटली

अकरा एकांची (१११…१ अशी) संख्या मागेच मूळ अवयवांत फोडली होती: २१६४९ × ५१३२३९. या खेपेला सतरा एक. मोजायला सोपं जावं म्हणून पाच-पाचचे गट करून लिहितो: १११११ १११११ १११११ ११.

हिचं वर्गमूळ साधारण १० कोटी ५४ लाख. तिथपर्यंत एकेका विषम संख्येने भागत बसायची माझी तयारी नव्हती, आणि तशी गरजही नाही. समजा, प हा हिचा मूळ अवयव आहे. मग १० च्या १७ व्या घाताला प ने भागलं की बाकी १. सतरा ही मूळ संख्या असल्यामुळे त्याहून लहान घाताला १ उरायचा असेल, तर तो पहिल्याच घाताला, म्हणजे प = ३. पण अंकांची बेरीज १७ आहे, तीन बाद. फर्माच्या प्रमेयानुसार १० च्या (प−१) व्या घातालाही प ने भागून बाकी १ च येते, म्हणून प−१ ला १७ ने भाग जातो, आणि प विषम असल्याने ३४ नेही. उमेदवार उरले ते फक्त ३४क+१ या रूपाचे.

आणखी एक चाळणी मिळाली, आणि हीच मला सगळ्यात आवडली. १० च्या १८ व्या घाताची बाकी १० येते, म्हणजे प च्या हिशेबात १० हा चक्क १० च्या नवव्या घाताचा वर्ग! यावरून क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी (कोणत्या मूळ संख्येच्या हिशेबात कोणती संख्या वर्ग ठरते, हे ठरवणारा नियम) सांगते की प ला ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ च असू शकते. दर वीस उमेदवारांतले बारा गळाले. १०३ आणि १३७ तर दारातूनच परत.

मग स्प्रेडशीट उघडली आणि सतरा एक टाइप केले. शेवटच्या दोन एकांची शून्यं झाली! पंधरा अंकांपलीकडचं ती धरतच नाही, हे माहीत असूनही विसरलो. मोठी संख्या लिहायचीच नाही असं ठरवलं: शून्यापासून सुरुवात, मागच्या बाकीला दहाने गुणून एक मिळवायचा, प ने भागून पुन्हा बाकी घ्यायची. असं सतरा वेळा. शेवटी शून्य आलं की अवयव सापडला.

क = ६०९३३ ला शून्य आलं. प = २०७१७२३, दुसरा अवयव ५३६३२२२३५७. गुणाकार कागदावर दोनदा करून पाहिला.

दुसरा मूळ आहे का, हे तपासायला पुन्हा बसणार होतो. पण त्याचं वर्गमूळ ७३ हजारांच्या आसपास, आणि तिथपर्यंतचे सगळे उमेदवार आधीच नापास झालेले. फुकटात सिद्ध झालं!

१/२०७१७२३ चं आवर्तन (दशांशात पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) बरोबर सतरा अंकी येतं: ००००००४८२६९००१२१३. इतकं आवर्तन असलेल्या मूळ संख्या जगात या दोनच.

एकोणीस आणि तेवीस एकांच्या संख्या मूळच आहेत, म्हणून थेट एकोणतीसवर गेलो. उमेदवार ५८क+१ चे. क = ५५ लाच ३१९१ हाती लागला. उरलेली संख्या अजून पंचवीस अंकी आहे.